सलूनच्या खुर्चीतून

डोळेवालीसमोर डोळ्यांवरून विनोद करू नयेत. तिनं ते सगळे ऐकलेले आहेत, आणि करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की हा आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. ती कसनुसं हसते आणि माप घ्यायला लागते. आजारात किंवा अपघातात ज्यांचा डोळा गेला, त्यांना ती नकली डोळा करून देते. त्यातून दिसत काही नाही. पण तो बसवला की समोरचा माणूस बोलताना नजर चुकवत नाही, आणि एवढ्यासाठी लोक लांबलांबून येऊन तिचा जिना चढतात.

काम मोठं किचकट. शर्टाच्या गुंडीएवढ्या चकतीवर बुबुळ रंगवायचं, मधोमध काळी बाहुली काढायची. लाल रेशमी दोऱ्याचे तंतू सोडवून ते शिरा म्हणून पांढऱ्या भागावर चिकटवायचे. वर पारदर्शक थर चढवायचा, तो शिजवायचा, घासायचा, चमकवायचा. खिडकीजवळच्या टेबलावर दिवा, दिव्याला जोडलेलं मोठं भिंग, आणि भिंगात खुपसलेलं तिचं नाक, असं ते चित्र वर्षानुवर्षं चाललेलं.

पण तिचा एक नियम होता. डोळा बसवून झाला की ती गिऱ्हाइकाला खाली पाठवायची. रस्ता ओलांडायचा, समोरच्या घड्याळवाल्याच्या काचेपाशी उभं राहायचं, घड्याळं बघितल्यासारखं करायचं, वळायचं आणि परत यायचं. ती वरच्या खिडकीतून बघत राहायची. दोन डोळ्यांपैकी आपण केलेला कोणता हे तिला तिथून ओळखू आलं, की डोळा परत टेबलावर. 'वीतभर अंतरावरून माणसाकडे कोण बघतं?' ती म्हणायची. 'एक डॉक्टर, नाहीतर भांडायला आलेलं माणूस.' घड्याळवाला बिचारा काही न घेता जाणाऱ्या या मंडळींना इतका सरावला होता की मान वर न करताच म्हणायचा, 'बघा, बघा, सावकाश बघा.'

हा नियम तिनं कधी कुणासाठी मोडला नव्हता. मोडला तो सख्ख्या भावासाठी.

दादाचं सलून तिच्या खोलीच्या बरोबर खाली. वरची खोलीसुद्धा त्यानंच तिला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा तिला वाढवलं ते दादानंच. तो तिच्या वेण्या घालून तिला शाळेत पाठवायचा, आणि कात्री-फणीचा हात असल्यामुळे अख्ख्या शाळेत तिच्याइतका सरळ भांग दुसऱ्या कुणाचा नसायचा. अजूनही तो तिला छकुली म्हणतो. छकुलीची चाळिशी कधीच उलटलीय आणि जिना चढताना तिला धाप लागते, पण ते त्याच्या लक्षात आणून देण्यात काही अर्थ नाही.

गेल्या वर्षी दादाच्या डाव्या डोळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी डोळा काढला, दादा वाचला, आणि सलूनचं शटर जे खाली आलं ते खालीच राहिलं. जखम भरल्यावर तिनं त्याच्यासाठी डोळा केला. दादानं बसवून घेतला, आरशात पाहिलं, 'छान झालाय गं' म्हणाला आणि वर काळा गॉगल चढवला. तिला वाटलं, काहीतरी कमी पडलं. तिनं दुसरा केला, आणखी बारकाईनं. 'छान.' पुन्हा गॉगल. तिसऱ्याचीही तीच गत झाली, आणि आता चौथा टेबलावर होता.

रस्ता ओलांडायला तो तयार नव्हता. 'गॉगल काढून? नको बाई,' म्हणाला, आणि तिनंही लावून धरलं नाही. परक्या माणसाला हुकूम सोडणं सोपं असतं. दादाला ती टेबलाशी बसवायची, त्याची हनुवटी धरायची आणि भिंगातून त्याच्या उजव्या, खऱ्या डोळ्यात शिरायची. तिथं काय नव्हतं? तपकिरी रंगात मधासारखे ठिपके होते, बाहुलीच्या कडेला सोनेरी झालर होती. लहानपणी ताप चढला की याच डोळ्यांकडे बघत तिला झोप लागायची. आता ती एकेक ठिपका नकली डोळ्यात उतरवत होती, आणि दर खेपेला तिला एखादा नवा सापडत होता. इतकं हुबेहूब काम तिनं आजवर कुणासाठी केलं नव्हतं. तरी दादा गॉगल का घालतो, हे तिला कळत नव्हतं. हट्टी आहे, दुसरं काय, असं ती स्वतःची समजूत घालायची.

वहिनीनं तिला एक दिवस जिन्यातच गाठलं.

'ताई, रविवारी एकजण सलून बघायला येतोय. मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचंय त्याला. आवडलं तर चावी देऊन टाकणार म्हणतात.'

'दादा असं म्हणाला?'

'भिंतीला म्हणाले. माझ्याशी बोलतात कुठे? दिवसभर बसून मांजराचे केस विंचरत असतात. ते मांजर आता घर सोडायच्या बेतात आहे.' वहिनी हसली, पण ते हसू तिला शेवटपर्यंत नेता आलं नाही. 'कात्री हातातून गेली तर हे वाळून जातील, ताई. चहासुद्धा खाली सलूनमध्ये बसून प्यायची सवय त्यांना. तुम्ही काहीतरी करा.'

डोळेवालीनं काहीतरी केलं म्हणजे काय केलं, तर वर जाऊन भिंगात डोकं खुपसलं आणि चौथ्या डोळ्यात आणखी ठिपके भरले. शहाणी माणसं मूर्खपणा करायला बसली की तोही फार मन लावून करतात.

चौथा डोळा शुक्रवारी बसला. दादानं आरशात पाहिलं आणि 'छान' म्हणाला. रविवार दोन दिवसांवर आला होता, आणि दादा म्हणाला, सामान आवरायचंय, येतेस का मदतीला?

खाली शटर अर्धवट ओढलेलं होतं. आत ट्यूबलाइट चालू होती, कोपऱ्यात पावडरचा डबा, फवाऱ्याची बाटली, कंगव्यांचा ग्लास, सगळं जागच्या जागी आणि सगळ्यावर धूळ. बाहेरून कुणी बघणार नव्हतं, म्हणून दादानं गॉगल काढून ठेवला होता. तो कात्र्या एकेक पुसून जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळत होता. तान्ह्या बाळाला अंघोळीनंतर गुंडाळावं तसं सावकाश. मध्येच त्यानं वर पाहिलं.

'हे काय गं डोक्यावर? घरटं झालंय.'

'वेळ कुठे असतो?'

'बस इथं. शेवटचं गिऱ्हाईक घरातलंच होऊ दे.'

शेवटचं म्हणाला, ते तिला लागलं. पण ती मुकाट्यानं खुर्चीत बसली. दादानं टॉवेलमधली एक कात्री परत बाहेर काढली, खुर्ची उंच केली, तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि नेहमीप्रमाणे तिचा जवळचं बघायचा चष्मा काढून फळीवर ठेवला. मग कात्री बोलायला लागली. कानाजवळची ती कचकच ऐकली की तिला लहान असल्यापासून गुंगी यायची. तिनं डोळे मिटले. उजवी बाजू होत आली तेव्हा सहज उघडले आणि समोरच्या आरशात पाहिलं.

चष्मा नसल्यामुळे बारीकसारीक काहीच दिसत नव्हतं. खुर्चीच्या मागे एक वयस्क माणूस वाकून उभा होता. भुवया पांढुरक्या, गाल ओघळलेले. त्याचा एक डोळा दमलेला आणि प्रेमळ होता, त्याचा रंग विटला होता, कडा राखाडी झाल्या होत्या. दुसरा डोळा लखलखत होता. म्हाताऱ्या चेहऱ्यात कुणी पंचविशीतल्या पोराचा डोळा बसवून दिला होता, आणि तो पोरगा बेमुर्वतपणे टक लावून बघत होता. आणि डोळेवालीच्या मनात पहिला विचार आला तो असा की, हे कुणाचं काम? कुणी फसवलं या बिचाऱ्याला?

मग तिला आठवलं, कुणाचं काम ते.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच्याच पाठोपाठ दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली, ती जास्त जड होती. दादा म्हातारा झाला होता. वर्षभर ती त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर बसत होती आणि हे तिनं पाहिलंच नव्हतं. तिनं दादाचा डोळा केलाच नव्हता. तापात उशाशी बसणारा जो दादा होता, त्याचा केला होता, चारही वेळा.

'दादा,' ती म्हणाली, 'हा डोळा वाईट झालाय.'

कात्री थांबली. 'आहे जरासा,' दादा म्हणाला.

'मग बोलला का नाहीस?'

'तू मान मोडून काम करत होतीस. वर दिवा दिसायचा मला. आता एवढं केल्यावर तुला काय सांगू, की माझ्या तोंडावर दुसराच कुणीतरी बसलाय म्हणून?' त्यानं कात्रीनं आरशाकडे दाखवलं. 'सलूनमध्ये गिऱ्हाईक माझ्याकडे आरशातूनच बघतं, छकुले. मी इथं उभा राहून पाहिलं होतं. म्हटलं, याला बघून लोक दाढी अर्धवट टाकून पळतील. त्यापेक्षा गॉगल बरा, आणि गॉगल लावून वस्तरा कसा चालवणार?'

एवढं सगळं तो एकट्यानं पोटात ठेवून बसला होता, आणि कशासाठी, तर तिला वाईट वाटू नये म्हणून. तिला त्याचा रागही आला आणि त्याच्या कमरेला मिठी मारून रडावंसंही वाटलं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. ती कापडासकट खुर्चीतून उठली.

'अगं थांब, डावी बाजू राहिलीय.'

'राहू दे. ती शटर वर करून कापशील तेव्हा.'

'वेडी आहेस का? अशी बाहेर जाणार?'

'जाणार.'

ती तशीच गेली. एका बाजूला कानापर्यंत नीटनेटकी, दुसऱ्या बाजूला घरटं. दादा शटरपर्यंत मागे धावला आणि गॉगल नसल्यामुळे तिथंच थांबला. उभ्या आयुष्यात त्याच्या हाताखालून कुणी अर्धवट डोक्यानं बाहेर पडलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यानं वहिनीपाशी तीनदा तरी तोच विषय काढला. वहिनी नंतर म्हणाली, वर्षभरात एवढं बोलले नव्हते.

शनिवारी सकाळी ती रंग, ब्रश आणि कोरी चकती घेऊन खाली सलूनमध्येच आली. भिंग वर ठेवून आली होती.

'तू मागे उभा राहा, नेहमीसारखा,' तिनं सांगितलं. दादानं चिमट्यात चकती धरून आपल्या खऱ्या डोळ्याशेजारी टेकवली. वरचा पारदर्शक थर चढल्यावर रंग गडद होतात, म्हणून चकतीवर पाण्याचा थेंब ठेवायचा. मग तिनं चष्मा काढायचा, खुर्चीत बसायचं आणि गिऱ्हाइकासारखं आरशात बघायचं. पुन्हा उठायचं, चष्मा लावायचा, एक फटकारा मारायचा, पुन्हा बसायचं. पहिली चूक तर बसल्याबसल्याच सापडली. वरच्या प्रखर दिव्यात दादाची बाहुली आकसायची, आणि तिनं चारही वेळा ती आकसलेलीच बाहुली इमानानं रंगवली होती. सलूनच्या उजेडात खरी बाहुली चांगली मोठी झालेली होती. नवशिक्यालाही ही चूक माफ नसते, आणि परक्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत तिनं ती कधीच केली नसती.

बाहुली मोठी झाली. पांढऱ्यात थोडा पिवळट रंग आला. मग ठिपक्यांची पाळी आली. सवयीनं तिनं यावेळीही ते भरले होते. आता तिनं ब्रशवर विटका तपकिरी घेतला आणि एकेक पुसायला लागली.

'माझे ठिपके घालवतेस?' दादा म्हणाला.

'तुझे आहेत तुझ्याजवळ. पण ते दिसायला माणसाला तुझ्या मांडीवर बसावं लागेल.'

'तू बसायचीस.'

'मी बसायचे,' ती म्हणाली, आणि शेवटचा ठिपका पुसताना तिचा हात थोडा रेंगाळला.

कडेनं राखाडी वळं काढलं आणि तिनं ब्रश खाली ठेवला. चष्मा लावून जवळून पाहिलं, तर चकतीवर नुसता राडा. एखाद्या शिकाऊ पोरीचं काम वाटावं असा. दुरुस्त करायला तिचे हात इतके शिवशिवले की तिनं ब्रश धुऊन डबीत बंद करून टाकला. मग चष्मा काढून पुन्हा खुर्चीत बसली. आरशात दादाच्या चेहऱ्याशी दोन बुबुळं होती आणि दोन्ही दमलेली होती. वर जाऊन तिनं दुपारभर बाकीचं काम उरकलं, थर शिजवला, घासला, चमकवला. मध्ये वहिनी डबा घेऊन आली, तिच्या डोक्याकडे बघून तोंडाला हात लावून हसली, आणि काही न विचारता गेली.

रविवारी सलूनमध्येच डोळा बसवला. दादानं आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. यावेळी तो छान म्हणाला नाही. तो म्हणाला, 'बस आता खाली. ते डोकं बघवत नाही माझ्याच्यानं.'

'आधी रस्ता,' ती म्हणाली आणि हात पुढे केला. दादानं खिशातून गॉगल काढला, हातात धरून ठेवला, आणि मग तिच्या हातावर ठेवला. शटर इतके महिने पूर्ण उघडलं नव्हतं, ते वर जाताना केवढ्यांदा तरी वाजलं. ती धापा टाकत जिना चढली आणि खिडकीत उभी राहिली.

दादानं रस्ता ओलांडला. पहिली चार पावलं मान खाली घालून, नंतर सरळ. घड्याळवाल्याच्या काचेपाशी थांबला.

'बघा, बघा, सावकाश बघा,' घड्याळवाला मान न उचलता म्हणाला.

'घड्याळ बघायला नाही आलो रे.'

आवाज ओळखून घड्याळवाल्यानं मान वर केली. दादाच्या तोंडाकडे पाहिलं. मग घड्याळवाल्याची नजर दादाच्या खांद्यावरून वर चढली, तिच्या खिडकीशी आली आणि तिथंच चिकटली.

'वस्ताद,' तो म्हणाला, आणि अरुंद रस्त्यावरून ते तिला स्पष्ट ऐकू आलं, 'ती तुमची बहीणच ना? डोक्याला काय झालं तिच्या?'

'अर्धंच झालंय,' दादा म्हणाला. 'सलून बंद होतं ना.'

'मग उघडा की लवकर. वाईट दिसतंय.'

दादा हसला. वळला, आणि हसतच खिडकीकडे बघत रस्ता ओलांडायला लागला. डोळेवालीनं चष्मा काढला. डावा डोळा आपला हे तिला माहीत होतं, पण ते माहीत असणं बाजूला ठेवून बघायची तिला इतक्या वर्षांची सवय होती. तिनं शोधलं. रस्त्यावरून एक म्हातारा माणूस येत होता, तिचा दादा, आणि वर्षभराचं तिचं काम त्याच्या चेहऱ्यावर कुठेच दिसत नव्हतं. इतकं समाधान तिला कुठल्याच कामानं दिलं नव्हतं. ती खिडकीत उभी राहून रडली, आणि खालून घड्याळवाल्याला वाटलं की डोक्यामुळेच.

ती खाली आली तेव्हा सलूनच्या दारात मोबाइलवाला उभा होता. तरुण, घाईतला, हातात मापाची टेप.

'मालक आपण? जागा बघायला आलो होतो.'

'बसा ना बाकावर,' दादा म्हणाला. 'हातातलं एक डोकं अर्धं राहिलंय, तेवढं पूर्ण करतो.'

डोळेवाली खुर्चीत बसली. कापड बांधलं, चष्मा फळीवर गेला, कात्री बोलायला लागली. शटर सताड उघडं होतं आणि रस्त्यावरून जाणारे आत डोकावून जात होते. मोबाइलवाल्यानं छत पाहिलं, भिंती पाहिल्या. मग आरशात पाहिलं. आरशातून तो दादाशी बोलायला लागला. वीज कशी आहे, पाणी येतं का, आणि दादा मान वर करून, त्याच्याकडे सरळ बघून उत्तरं देत होता. बोलता बोलता मोबाइलवाल्याची नजर दादावरून सरकली आणि स्वतःवर येऊन थांबली. त्यानं कानावरून हात फिरवला. मान इकडून तिकडे वळवून पाहिली.

'माझे बाजूनं जरा वाढलेत का हो?' त्यानं विचारलं.

दादानं बहिणीच्या मानेवरचे केस ब्रशनं झटकले, तिचा चष्मा तिच्या नाकावर नीट बसवला आणि कापड सोडलं.

'जरा नाही, बरेच,' तो म्हणाला. 'टेप ठेवा तिकडे, या, बसा.'